जमिनीच्या विनियोगाचा प्रश्न व खातेदारांचें कर्तव्य

जमिनीचा कोणता तुकडा पिकाखालीं राहावा, कोणता घरांखालीं जावा, रस्ता कोणत्या बांधावरून काढावा आणि पाण्याच्या वाटेस किती जागा मोकळी सोडावी, हे प्रश्न वरकरणी सरकारदरबारचे दिसतात. त्यांचा निकाल कचेरींत लागतो, हुकुमावर सही अधिकाऱ्याची असते, आणि आपण खातेदार मंडळी निकालाचें बरें-वाईट फळ भोगावयास तेवढीं उरतों, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत निम्मी खरी व निम्मी घातक आहे. सही अधिकाऱ्याची असते हें खरें. परंतु ज्या माहितीवर ती सही होते ती माहिती अधिकाऱ्याजवळ उपजत नसते. ती कोणीतरी त्याच्यापुढें मांडलेली असते. आपण मांडली नाहीं तर दुसरा कोणी मांडतो, आणि तो आपल्या सोयीची मांडतो. म्हणून अधिकाऱ्याचा निर्णय शहाणपणाचा व्हावा अशी ज्याची इच्छा असेल, त्यानें निर्णयापूर्वीं अधिकाऱ्यास शहाणें करण्याचे श्रम घेतले पाहिजेत, असें आमचें मत आहे. तें आमच्या फैजपूर भागास धरून येथें सांगण्याचें योजिलें आहे.

आमच्या भागाची ठेवण वाचकांस सांगावयास नको. तथापि अधिकारी नवा आला म्हणजे त्यास ती सांगावीच लागते, म्हणून थोडक्यांत मांडतों. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी, आणि या दोहोंमध्यें गाळाचा सपाट पट्टा. डोंगर उतरून येणारें पाणी प्रथम पायथ्याशीं सांचलेल्या दगडगोट्यांच्या व भरड वाळूच्या पट्ट्यांत जिरतें. भूगर्भशास्त्री ह्या पट्ट्यास बझाडा म्हणतात. तेथें जिरलेलें पाणी जमिनीखालून दक्षिणेकडे सरकतें व खालच्या गांवांच्या विहिरींस आणि बोअरांस पुरवठा करतें. म्हणजे आपल्या केळीच्या बागेचा हौद बागेखालीं जितका आहे तितकाच डोंगराच्या पायथ्याशींही आहे. हा हौद आपण कित्येक वर्षें भरण्याहून अधिक वेगानें उपसला, आणि त्याचा परिणाम असा कीं भूजलाच्या सरकारी पाहणींत यावल व रावेर ह्या तालुक्यांची गणना अतिउपशाच्या वर्गांत झाली. जळगांवच्या केळीस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें ह्याचा आपणांस अभिमान आहे, व तो योग्यच आहे. पण मानांकनाच्या कागदानें बागेस पाणी मिळत नाहीं.

याच पट्ट्यांतून बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्ता रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा असा जातो. फैजपुरास नगर परिषद आहे, प्रांत कचेरी आहे, १९६१ सालापासून महाविद्यालय आहे, आणि आसपासच्या न्हावी, आमोदा, पिंपरूड, बामणोद, भालोद, हिंगोणा या गांवांचा रोजचा व्यवहार येथें आहे. असें गांव वाढणारच, आणि वाढावेंही. मुलांस घरें पाहिजेत, केळी भरण्यास जागा पाहिजे, शीतगृहें पाहिजेत, दवाखाने पाहिजेत. वाढीस आमची हरकत नाहीं. हरकत आहे ती वाढ ज्या दिशेनें आपोआप सरकते तिला. ती रस्त्याच्या दुतर्फा सरकते. आणि आमच्या इकडे रस्त्याच्या दुतर्फा जी जमीन आहे ती बहुधा सर्वांत खोल मातीची, विहिरीची व पाइपलाइन टाकलेली आहे. हलकी, खडकाळ किंवा चढणीची जमीन तशीच पडून राहते आणि तीन पिढ्यांनीं खत घालून कमावलेल्या मृगबागेच्या रानांत चुन्याच्या फक्की ओढल्या जातात. घर हलक्या जमिनीवरही उभें राहतें. केळ राहत नाहीं. एवढा एकच विचार अधिकाऱ्यापुढें वेळेवर व पुराव्यासह मांडला गेला तर पुष्कळ नुकसान टळेल.

आतां कोणी म्हणेल, बिनशेतीची परवानगी म्हणून एक दरवाजा आहेच. तेथें अधिकारी पाहून घेतील. वाचकांनीं हें नीट ध्यानांत घ्यावें कीं तो दरवाजा आतां पूर्वीसारखा राहिलेला नाहीं. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ सालची. तिच्या ४४ व्या कलमाखालीं प्रत्येक प्रकरणाची पूर्वीं स्वतंत्र चौकशी होत असे. २०१४ सालीं ४२-अ हें कलम आलें, २०१७ सालीं त्यापुढचीं ४२-ब, ४२-क व ४२-ड हीं आलीं, आणि तेव्हांपासून कायदा सैल होण्याच्याच दिशेनें चालला आहे. मंजूर विकास योजनेंत जी जमीन ज्या उपयोगासाठीं दाखविली गेली, त्या उपयोगासाठीं रूपांतर कर व आकारणी भरणें हाच मुख्य भाग उरला. गांवठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनीसही अशीच सवलत मिळाली. ह्या सुधारणेनें सामान्य माणसाचे हेलपाटे वांचले, ही गोष्ट आम्ही कारकुनींत आयुष्य घालविल्यामुळें मोकळेपणानें कबूल करतों. परंतु तिचा दुसरा अर्थ असा कीं, जमीन शेतीची राहावी कीं नाहीं हा निर्णय आतां एकेका अर्जावर होत नसून नकाशा रंगवितांना, म्हणजे विकास योजना तयार होतांनाच, होऊन जातो. नकाशांत एकदां पिवळा रंग भरला गेला कीं पुढें हरकतीस जागा फारशी उरत नाहीं. जेथें निर्णय होतो तेथेंच बोललें पाहिजे. आणि निर्णयाची जागा बदलली आहे हें आपल्यापैकीं थोड्यांनाच ठाऊक आहे.

ह्या बाबतींत आमच्या मुलुखाच्या इतिहासांत दोन धडे आहेत. १८५२ सालीं सावदा, रावेर व चोपडा ह्या भागांत इंग्रज सरकारनें रेव्हेन्यू सर्व्हेची मोजणी चालू केली, तेव्हां रयतेनें ती अडविली. मोजणी म्हणजे सारावाढ, ही भीति लोकांच्या मनांत होती, आणि ती अगदींच निराधार होती असें म्हणवत नाहीं. परंतु सरकारनें फौज आणविली, पुढाऱ्यांस धरलें आणि मोजणी पुढें पुरी केली. लोकांचा राग दिसला; लोकांची माहिती मात्र कागदावर आली नाहीं. दुसरा धडा डिसेंबर १९३६ चा. राष्ट्रसभेचें खेड्यांत भरलेलें पहिलें अधिवेशन ह्या फैजपुरांत भरलें, पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते, आणि तेथें शेतीविषयक कार्यक्रमाचा ठराव झाला. त्यांत सारा व खंड कमी करावा, न परवडणाऱ्या लहान धारणेस सूट द्यावी, पाटाच्या पाण्याचे दर उतरावे, गुरांसाठीं सामायिक कुरणें राखावीं, सहकारी शेतीस उत्तेजन द्यावें, अशीं एकेक कलमें मांडलेलीं होतीं. मागणी कलमवार लिहिली गेली म्हणून पुढील अनेक वर्षें राज्यकर्त्यांस तिचा विचार करावा लागला. राग व ठराव ह्या दोहोंतील हें अंतर आहे. राग विसरला जातो. नीट लिहिलेला ठराव दप्तरांत राहतो.

आतां कचेरींत निर्णय होतो कसा, हें सांगणें आम्हांस प्राप्त आहे, कारण महसूल खात्याच्या मेजावर आमचीं बरींच वर्षें गेलीं. साहेबांच्या मनांत कांहीं येतें व ते हुकूम लिहितात, अशी बाहेरच्यांची कल्पना असते. प्रत्यक्षांत अर्ज आवकेंत नोंदला जातो, संबंधित कारकुनाकडे येतो, तो तलाठ्याकडून (ज्यांस २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) व मंडळ अधिकाऱ्याकडून अहवाल मागवितो, अहवालासोबत पंचनामा व नकाशा येतो, आणि ह्या साऱ्याचें सार टिपणींत उतरून ती वर जाते. अधिकारी टिपणी वाचतो. शंका असेल तर स्थळ पाहतो. नसेल तर सही करतो. एका दिवसांत त्याच्यापुढें किती टिपण्या असतात हें ज्यानें पाहिलें आहे, तो त्यास एकदम दोष देणार नाहीं. मुख्य मुद्दा असा कीं, टिपणींत जें नाहीं तें अधिकाऱ्याच्या दृष्टीनें जगांतच नाहीं. शिवारांतील नाला पावसाळ्यांत छाती एवढा वाहतो हें गांवांतील लहान मुलासही ठाऊक असेल. पण पंचनामा एप्रिलांत झाला व नाला कोरडा दिसला, तर टिपणींत 'जागा सपाट व मोकळी आहे' एवढेंच उतरतें. त्यांत कोणाची लबाडी असलीच पाहिजे असें नाहीं.

असें एक प्रकरण आमच्या नोकरीच्या काळांत आम्हीं जवळून पाहिलें. गांवाचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. एका लेआउटमध्यें जुनें लवण बुजविलें गेलें. आजूबाजूच्या खातेदारांनीं पारावर पुष्कळ चर्चा केली, पण लेखी एक ओळ दिली नाहीं. पुढील पावसाळ्यांत तें पाणी वळून तीन खातेदारांच्या कांदेबागेंत शिरलें आणि आठ दिवस उभें राहिलें. केळीच्या मुळ्या कुजल्या. मग अर्ज आले, शिष्टमंडळें आलीं, वर्तमानपत्रांत मजकूर आला. परंतु तोंपर्यंत प्लॉट विकले गेले होते, त्यांवर लोकांनीं आयुष्याची पुंजी घालून घरें बांधलीं होतीं, आणि अधिकारीही बदलून गेला होता. आतां कोणाचें पाडावें व कोणाचें राखावें? जो प्रश्न एका अर्धपानी अर्जानें सुटला असता तो दोन गरीब पक्षांच्या भांडणांत रूपांतर पावला.

अधिकारी बदलतो, ही गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्याजोगी आहे. २००५ सालच्या बदल्यांच्या कायद्यानें एका जागीं सर्वसाधारण मुदत तीन वर्षांची ठरली आहे. तीन वर्षांत माणूस शिवार ओळखूं लागतो न लागतो तोंच त्यास दुसरीकडे जावें लागतें. त्यामुळें गांवच्या जमिनीची आठवण कचेरींत टिकत नाहीं. ती टिकते खातेदारांजवळ. ही आठवण लिहून ठेवून प्रत्येक नव्या अधिकाऱ्याच्या हातीं देणें हें अधिकाऱ्यावर उपकार करणें नव्हे, आपल्याच जमिनीचें राखण करणें होय.

मग लिहून द्यावें तें काय? आमच्या मतें चार गोष्टी. पहिली, पाण्याच्या वाटा. शिवारांतील प्रत्येक नाला, लवण व पाट कोठून येतो, पुराच्या वेळीं किती रुंद होतो, कोणत्या सालीं कोठपर्यंत पाणी चढलें होतें, हें गांवनकाशाच्या प्रतीवर गट नंबरांसह दाखवावें. पायथ्याकडील गांवांनीं पाणी जिरणाऱ्या गोट्यांच्या जागा आवर्जून दाखवाव्या, कारण त्या जागा दिसावयास पडीत, आणि म्हणूनच 'विकासास योग्य' अशा वाटतात. दुसरी, मातीची प्रत. खोल काळी कोठें, गाळाची कोठें, चुनखडीची व मुरमाड कोठें. तिसरी, विहिरी व बोअर. त्यांची खोली, आणि दरवर्षीं वैशाखांत पाणी किती खालीं जातें. चौथी, वहिवाटीचे रस्ते: शिवरस्ते, पाणंदी, गाडरस्ते, केळीचा माल ज्या वाटेनें बाहेर पडतो ती वाट नकाशावर नसेल तर उद्यांच्या आराखड्यांत ती कोणाच्या तरी प्लॉटांत जाईल. अशा वाटेचा तंटा पुढें १९०६ सालच्या मामलेदार कोर्ट कायद्याखालीं किंवा संहितेच्या १४३ व्या कलमाखालीं लढतां येतो, नाहीं असें नाहीं; पण लढण्यापेक्षां आधीं लिहिणें स्वस्त पडतें.

याच अनुषंगानें सातबाऱ्याविषयीं एक सूचना करतों. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली व पिकाची नोंद मोबाइलवरून स्वतः खातेदारानें करण्याची सोय झाली. पुष्कळ मंडळी ही नोंद आळसानें करीत नाहींत, किंवा कोणीतरी करील म्हणून सोडून देतात. नोंद नसेल तर कागदोपत्रीं ती जमीन पड दिसते; विहीर चढवलेली नसेल तर ती जिरायत दिसते. उद्यां रस्ता, कालवा किंवा वसाहत आखणारा अधिकारी कागद पाहून म्हणणारच कीं येथें बागायत नाहीं, येथूनच आखणी सोयीची. त्या वेळीं शेतांत उभीं असलेलीं दोन हजार खोडें साक्षीस उपयोगी पडतात, पण उशिरा पडतात.

लिहून कधीं द्यावें, हा प्रश्न काय लिहावें याइतकाच महत्त्वाचा आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा १९६६ सालचा. त्याप्रमाणें नगर परिषदेस आपल्या हद्दीची विकास योजना करावी लागते, व वीस वर्षांतून एकदां तरी तिची फेरतपासणी व्हावयाची असते. आधीं इरादा जाहीर होतो, मग जमिनीच्या चालू उपयोगाचा नकाशा तयार होतो, नंतर योजनेचा मसुदा प्रसिद्ध होतो व हरकती-सूचनांस तीस दिवसांची मुदत मिळते. हरकतदारांस नियोजन समितीपुढें बोलण्याची संधि असते. पुढें सुधारलेला मसुदा सरकारकडे मंजुरीस जातो. यांत लोक जागे होतात ते बहुधा शेवटच्या पायरीवर. वास्तविक सर्वांत मोलाची पायरी दुसरी, चालू उपयोगाच्या नकाशाची. कारण तेथें बागायत ही बागायत म्हणून दाखविली गेली तर पुढच्या पायरीवर ती पुसण्यास कारण द्यावें लागतें. आणि मसुद्याचे तीस दिवस वीस वर्षांचा निकाल लावतात. शिवाय एखाद्या गटावर शाळा, बाग किंवा रस्त्याचें आरक्षण पडलें तर कायद्याच्या १२७ व्या कलमाप्रमाणें दहा वर्षें वाट पाहून मग नोटीस द्यावी लागते, व त्यापुढें आणखी चोवीस महिने जातात. एका महिन्याची झोंप बारा वर्षांस महाग पडते.

गांवांपुरतें पाहिलें तर ग्रामसभा आहे. मतदारांच्या शेंकडा पंधरा किंवा शंभर, यांपैकीं जी संख्या कमी असेल तितके लोक जमले म्हणजे सभा पुरी होते. ह्या सभेंत आपण किती जण जातों, व गेलों तर घरकुलांच्या यादीपलीकडे कोणता विषय काढतों, ह्याचा ज्यानें त्यानें विचार करावा. गायरान, नाला व शिवरस्ता यांविषयींचा ग्रामसभेचा ठराव टिपणीस जोडला गेला तर त्याचें वजन एकट्याच्या अर्जाच्या कितीतरी पट असतें.

भूसंपादनाच्या बाबतींत २०१३ सालच्या कायद्यानें एक चांगली गोष्ट केली आहे. ओलिताची बहुपिकी जमीन अगदीं शेवटचा उपाय म्हणूनच घ्यावी, असें त्याच्या दहाव्या कलमांत आहे. परंतु त्याच कलमांत रेल्वे, महामार्ग, पाटाचे कालवे, विजेच्या वाहिन्या अशा लांब रेषेच्या कामांस ही अट लागू नाहीं असेंही आहे. आणि २०१८ सालीं राज्यानें आणखी कांहीं प्रकल्पांस मोकळीक दिली. म्हणजे आमच्या भागांत जीं कामें विशेष संभवतात त्यांस हें संरक्षण पुरत नाहीं. १० मे २०२५ रोजीं भोपाळ येथें महाराष्ट्र व मध्यप्रदेश सरकारांनीं तापी महापुनर्भरण योजनेचा करार केला. बझाड्याचा रिता झालेला हौद भरावा हाच त्या योजनेचा हेतु, आणि तिचें स्वागत आमच्याइतकें कोण करील? पण योजना म्हटली कीं कालव्याची आखणी आली, व पाणी कोठें सोडलें असतां खरोखर जिरतें हा प्रश्न आला. कोणत्या नाल्याच्या पोटांत पाणी चार दिवसांत नाहींसें होतें आणि कोणत्या चिकण जागीं तें महिनाभर तुंबून राहतें, हें पायथ्याच्या खातेदारास जितकें कळतें तितकें नकाशावरून कळत नाहीं. ही माहिती आखणी होण्यापूर्वीं देणें म्हणजे योजनेस मदत. नंतर देणें म्हणजे नुसती तक्रार.

येथवर आम्ही अधिकाऱ्यांविषयीं लिहिलें. आतां आपणां सर्वांस थोडें बोचेल असें लिहिणें भाग आहे. आमच्या मंडळींत असे पुष्कळ आहेत कीं, ज्यांस बागायत वाचावी असें सभेंत वाटतें आणि आपला गट पिवळ्या रंगांत यावा असें घरीं वाटतें. ह्यास ढोंग म्हणण्याची आमची तयारी नाहीं. केळीच्या भावाचा भरंवसा नाहीं, वादळानें एका रात्रींत बाग आडवी होते, मुलें शहरांत नोकरीस आहेत, मुलीच्या लग्नाचें किंवा दुखण्याचें कर्ज डोक्यावर आहे. अशा माणसास रस्त्याकडेच्या एकराचा भाव दिसला तर त्याचें मन चळणारच. परंतु विचार असा कीं, एकाची जमीन पिवळी झाली म्हणजे तिचा भाव त्यास मिळतो, आणि त्यामुळें नाला तुंबला, वाट बंद झाली किंवा विहिरीचें पाणी नासलें तर त्याची किंमत शेजारचे दहा जण भरतात. शिवाय प्रत्येकानेंच आपापला गट पिवळा करून घेण्याचा प्रयत्न केला म्हणजे अधिकाऱ्यास एवढेंच दिसतें कीं, शेतकऱ्यांनाच शेती नको आहे. मग तो कोणासाठीं ती राखील? विकण्याचा हक्क आम्ही कोणाचा हिरावून घेऊं म्हणत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, घरें कोठें व्हावींत हें सर्वांनीं मिळून, हलकी जमीन पाहून, एका बाजूस सलग ठरवावें. म्हणजे विकणाऱ्यासही भाव येईल आणि राखणाऱ्याचीही बाग वांचेल.

दुसरा आक्षेप असा कीं, अधिकारी ऐकत नाहींत, निर्णय वरून ठरून येतात, आपण लिहून काय उपयोग? कांहीं ठिकाणीं असें घडतें, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. तथापि लेखी, वेळेवर, पोंच घेऊन दिलेली हरकत बाजूस सारणें वाटतें तितकें सोपें नसतें. ती कां फेटाळली ह्याचें कारण विचारतां येतें, २००५ सालच्या माहितीच्या अधिकारानें टिपणीची नक्कल तीस दिवसांत मागतां येते, वरच्या अधिकाऱ्याकडे व न्यायालयांत तोच कागद आधारास येतो. आणि पुष्कळ अधिकारी, विशेषतः नवे व तरुण, चांगलें करावें अशाच इच्छेनें येतात; त्यांजवर दडपण आणणारे पुष्कळ असतात, पाठबळ देणारा कागद मात्र कोणी देत नाहीं. सत्य सांगणाऱ्या अर्जाच्या आधारानें अधिकाऱ्यास नाहीं म्हणण्याचें बळ येतें, हें आम्हीं स्वतः पाहिलें आहे.

शेतकरी असें करूं शकतो ह्याचीं उदाहरणें आपल्याच राज्यांत आहेत. रायगड जिल्ह्यांत विशेष आर्थिक क्षेत्रासाठीं जमिनी घेण्याचें घाटलें, तेव्हां हेटवणे धरणाच्या पाण्याखालीं येणाऱ्या २२ गांवांच्या खातेदारांनीं आपली जमीन ओलिताची आहे हा मुद्दा धरून ठेवला आणि सप्टेंबर २००८ मध्यें सरकारास त्यांचें मत घ्यावें लागलें. पुण्याजवळ हडपसरास मगरपट्ट्याच्या सुमारें १२० शेतकरी कुटुंबांनीं शहर येणार हें ओळखून जमिनी तुकड्यातुकड्यांनीं विकल्या नाहींत. सुमारें ४०० एकर एकत्र करून स्वतःच आराखडा केला व आपण भागीदार राहिले. अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजारनें ग्रामसभेंत पाण्याचा ताळेबंद मांडून शेतीसाठीं बोअर, आणि ऊस व केळी यांवर स्वतःच बंदी घातली. केळीवर बंदी हें नांव ऐकून आमचे वाचक दचकतील. तो मार्ग आपला नव्हे. परंतु आधीं मोजावें व मग ठरवावें ही त्यांची रीत आपणांस घेण्याजोगी आहे. आणि इतकें लांब तरी कशास जावें? आपल्याच खानदेशांत पांझरेच्या कांठीं फड पद्धति पिढ्यानपिढ्या चालली. कोणत्या फडांत यंदा ऊस व कोणत्यांत दुसरें पीक हें खातेदारांचे पंच ठरवीत, पाटकरी पाणी देई, जागल्या राखण करी, आणि पाणी कमी पडलें तर तूट सर्वांनीं वांटून घ्यावी असा नियम असे. जमिनीच्या उपयोगाचा सामुदायिक निर्णय ही कोणी बाहेरून आणलेली कल्पना नाहीं. ती आपल्या घरचीच आहे.

म्हणून संघाच्या सभासदांपुढें पुढील सूचना ठेवतों. प्रत्येक गांवीं पांच खातेदारांचें एक मंडळ नेमावें. त्यांत एक अल्पभूधारक, एक स्त्री-खातेदार व शक्य तेथें एक नाल्याकांठचा खातेदार अवश्य असावा. ह्या मंडळानें वर सांगितलेल्या चार गोष्टींची नोंदवही गांवनकाशासह तयार करावी व दर वैशाखांत ती सुधारावी. ज्या प्रकरणांत मंडळांतील एखाद्याचा स्वतःचा गट गुंतला असेल, त्यानें तसें आधीं सांगून त्या बैठकींतून उठावें. हा नियम पाळला नाहीं तर मंडळाच्या शब्दास कचेरींत किंमत राहणार नाहीं. नगर परिषद, तहसील व प्रांत कचेरी यांच्या फलकांवरील जाहीर नोटिसा पाहण्याचें काम संघानें एका माणसाकडे सोंपवावें आणि त्या मासिकांत मुदतीसह छापाव्या. नवा अधिकारी रुजू झाला म्हणजे हार-तुरे न घेतां नोंदवहीची एक प्रत घेऊन त्यास भेटावें व पावसाळ्यांत एकदां शिवारफेरीस बोलवावें. नाला वाहतांना पाहिलेला अधिकारी तो बुजवण्याच्या कागदावर सहज सही करीत नाहीं. आणि निवेदन लिहितांना मतभेद असेल तर तोही लिहावा. दहांपैकीं तिघांचें मत वेगळें आहे असें सांगणारा कागद, सर्वांचें एकमत आहे असें खोटें सांगणाऱ्या कागदापेक्षां अधिक विश्वासास पात्र ठरतो.

ह्या कामास मोठी वर्गणी नको, पुढारी नको, कीं आंदोलन नको. वर्षाकांठीं आठ-दहा संध्याकाळ, एक नकाशा, एक वही आणि पोंच घेण्याची सवय, इतकें पुरे आहे. पुढचा पावसाळा लागण्यापूर्वीं आपल्या गांवाची पहिली नोंदवही तयार व्हावी, व तिची प्रत संघाच्या कचेरींत पोंचावी, अशी वाचकांस आमची आग्रहाची विनंति आहे. कोणास नकाशाची नक्कल मिळविण्यांत किंवा निवेदनाचा मसुदा करण्यांत अडचण पडेल, त्यानें संघाच्या पत्त्यावर कळवावें; जुन्या कारकुनाची लेखणी अद्याप चालते, आणि ह्या कामीं ती विनामूल्य आहे.